मुका फेरा

आपत्तीचा भोंगा मी तासांच्या घंटेला जोडला. पूर्ण शुद्धीत जोडला. कुणाची जबरदस्ती नव्हती. उलट संचालकांनी माझी पाठ थोपटली आणि पुढच्या सभेत अभिनंदनाचा ठरावही झाला. ठरावाला अनुमोदन मीच दिलं, कारण त्या दिवशी सभेला गणपूर्तीपुरतीच माणसं आली होती.

ह्यात चुकलं काय, हे कळायला मला वर्ष उलटून पुढचा पावसाळा यावा लागला. जानूभाऊंना ते आधीच कळलं होतं, आणि त्यांनी तसं सांगितलंही होतं. पण जानूभाऊ शिपाई होते आणि मी आपत्ती व्यवस्थापन समितीचा समन्वयक होतो. त्यामुळे त्यांचं ऐकून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

आमचं विद्यापीठाचं उपकेंद्र महाडहून पोलादपूरकडे जाताना हमरस्ता सोडून आत, एका उंच माळावर आहे. नावात 'उपकेंद्र' असल्यामुळे पहिली दोन वर्षं आसपासच्या गावांतल्या बायका लहान मुलांना टोचून घ्यायला आमच्याकडे आणत. आम्ही पदार्थविज्ञान शिकवतो म्हटल्यावर हळहळून परत जात. माळाच्या कडेला दगडी गडगा आहे. गडग्याशी उभं राहिलं की खाली वाडी दिसते. बारा घरं, एक समाजमंदिर, मागे भिंतीसारखा चढलेला डोंगर आणि त्यातून उतरून वाडीच्या अंगणांवरून जाणारा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. ह्या भागात पावसाळ्यात नदीकाठची माणसं पाण्याकडे कान लावून असतात आणि डोंगराखालची डोंगराकडे. वाडी डोंगराखाली होती. भोंगा तिच्यासाठी होता. त्या बारांतलं एक घर जानूभाऊंचं.

जानूभाऊ उंचीने बेताचे, अंगाने वाळलेले. खाकी विजार घोट्याच्या चार बोटं वर, शर्टाच्या खिशात पेन नाही, तेलाचं फडकं. बोलताना ते तुमच्याकडे बघत नसत. तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघत. नव्याने आलेल्या प्राध्यापकांना हा उद्धटपणा वाटे. मलाही वाटला होता. सहा महिन्यांनी लक्षात आलं की माणूस कुठेही उभा असो, तोंड डोंगराकडे ठेवूनच उभा राहतो.

पावसाळ्यात सकाळी गेटमधून आत शिरलं की ते नमस्कार करत नसत. म्हणत, "डोंगर बरा हाय, सर."

घरात कुणी म्हातारं आजारी असावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची खबर द्यावी, तसं. हिवाळ्यात म्हणत, "झोपलाय." मी त्यावर "हजेरीपट ठेवलात का टेबलावर?" असं विचारत असे. मला वाटायचं, विषय बदलण्याची ही माझी सुसंस्कृत पद्धत आहे.

त्यांचा भोंगा हाताने फिरवायचा होता. जात्याएवढा, बिडाचा, बाजूला मूठ. उपकेंद्र सुरू झालं तेव्हा कुठल्याशा सरकारी कोठारातून तो आला आणि कुणाला त्याचं काय करायचं ते न कळल्यामुळे जानूभाऊंच्या स्वाधीन झाला. जानूभाऊ तरुणपणी औद्योगिक वसाहतीत पहारेकरी होते. भोंग्याशी त्यांची तिथली ओळख. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते तो व्हरांड्यात काढत, गोणपाटावर ठेवत, शिलाईमशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडत, पेटीला कान लावत आणि मूठ फिरवत. इतकी सावकाश, की आतलं चाक फिरावं पण आवाज फुटू नये. ह्याला ते मुका फेरा म्हणत.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. मला हे बघवत नसे. एकदा म्हटलं, "अहो, वाजवून बघितल्याशिवाय चालतोय हे कळणार कसं?"

"वाजवला तर खाली माणसं उठतील, सर."

"मग सांगायचं त्यांना, चाचणी होती म्हणून."

"दोनदा सांगाल. तिसऱ्यांदा ती सोताच समजून घेतील."

हे वाक्य मी त्याच दिवशी लिहून ठेवायला हवं होतं. मी त्याऐवजी समितीच्या इतिवृत्तात लिहिलं, 'चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांमध्ये तांत्रिक साक्षरतेची गरज आहे.'

वर्षातून ते एकच रजा घेत. मार्चमध्ये, चवदार तळ्यावर माणसांचा मेळा भरतो तेव्हा. माझं घर तळ्याच्या मागच्याच आळीत, त्यामुळे गर्दीतून बाहेर पडले की पांढऱ्या सदऱ्यात आमच्याकडे चहाला येत. त्या एका दिवशी मात्र ते माझ्याकडे सरळ बघून बोलत. पण रजेच्या आदल्या दिवशी उपकेंद्रात मला ताकीद ठरलेली.

"सर, उद्या मी नाय. भोंग्याला हात लावू नका."

"आणि डोंगर आलाच तर?"

"मार्चात डोंगर येत नाय. तुमीच येता."

मग माझ्या कारकिर्दीतलं पहिलं मोठं कार्य झालं, ते म्हणजे रंगीत तालीम. दरड कोसळल्यावर काय करायचं ह्याची. तालुक्याहून अधिकारी येणार होते. मी पंधरा पानी आराखडा केला, कोण जखमी, कोण बेशुद्ध, कोण अफवा पसरवणार, सगळं नेमून दिलं. बेशुद्ध होण्यासाठी विद्यार्थ्यांत एवढी चढाओढ लागली की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. 'सुरक्षित ठिकाण – येथे जमावे' अशी हिरवी पाटी मी स्वतः जागा निवडून रोवली.

तालमीच्या सकाळी जानूभाऊ पाटीभोवती एक फेरी मारून आले. "सर, पाटी चांगली हाय. पन पयलं पानी हितंच भरतं."

"आज पाणी नाहीये, जानूभाऊ."

"मग आज जमायची तरी काय गरज?"

मुद्दा तेवढ्यावर थांबला नाही. ठरल्या वेळी अधिकारी घड्याळ बघत उभे, बेशुद्ध विद्यार्थी आपापल्या जागी पडलेले, आणि जानूभाऊ भोंगा वाजवायला तयार नाहीत.

"खोटा नाय वाजवनार."

"अहो, ही तालीम आहे!"

"वाडीला काय म्हाईत? माझ्या शेजारच्या सुमनच्या सासूला चालवत नाय. तिला पाठीवर घेऊन वर आनतील लोकं. आनल्यावर तुमी सांगनार, तालीम हाय?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विद्यार्थ्यांकडे बघितलं. समन्वयकाला प्रसंगावधान लागतं. मी हात वर केला आणि तीनशे मुलांनी गळ्याच्या शिरा ताणून "भोंऽऽऽ" केलं. पहिल्या दोन वेळा हशा झाला म्हणून तिसऱ्यांदा करावं लागलं. अधिकाऱ्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग.'

ही शोभा कमी होती म्हणून की काय, त्याच वर्षी आमच्याकडे बाहेरची मूल्यांकन समिती आली. समितीचा दौरा दोन दिवसांचा होता. त्यातला दीड दिवस रायगडाचा रोपवे आणि हिरकणीवाडीतलं पिठलं-भाकरी ह्यांचं मूल्यांकन करण्यात गेला. उरलेल्या वेळात एका सदस्यांनी भोंग्याची वापर-नोंदवही मागितली. जानूभाऊंनी ती कापडात गुंडाळलेली आणून दिली. चौदा वर्षांत दोन नोंदी होत्या. एकदा सावित्री नदीचं पाणी फुगून खालच्या खाचरांपर्यंत आलं तेव्हाची आणि एकदा डोंगरावरून धोंडा सुटला तेव्हाची. दोन्ही नोंदी शब्दशः सारख्या. 'वाजवला. माणसं उठली.'

"चौदा वर्षांत दोनदा?" सदस्य म्हणाले. "म्हणजे उपकरण पडूनच आहे."

"पडून नाय, साहेब. बसून हाय," जानूभाऊ त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणाले.

अहवालात शेरा आला, 'उपकरणाचा पुरेसा वापर होत नाही.' हा शेरा मी मनाला लावून घेतला. आपत्तीच पुरेशा येत नाहीत, असं उत्तर देता आलं असतं. पण आमच्याकडे शेऱ्याला उत्तर द्यायचं नसतं, त्याची पूर्तता करायची असते.

पूर्ततेसाठी नवी यंत्रणा आली. आवाराच्या चार कोपऱ्यांत चार खांब, प्रत्येकावर कर्णे, वर सौर पॅनेल, आणि माझ्या खोलीत बटणांचा फलक. पूर, दरड, आग, वायुगळती आणि चाचणी अशी पाच बटणं. पाचही बटणांतून एकच सूर निघे. वेगवेगळे सूर पुढच्या टप्प्यात मिळणार होते. जोडणी करणाऱ्या माणसाने जाता जाता सांगितलं, "सर, आत टायमर आहे. काय हवं ते लावा." तो गेला आणि मी फलकाकडे बघत बसलो. शेरा वापराचा होता. टायमर हातात होता. रोज तासांची घंटा होतच होती, तीही आंब्याला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला हाणून, एकविसाव्या शतकात. मला एकदम सुचलं. अशा गोष्टी मला एकदमच सुचतात. हळूहळू सुचल्या असत्या तर निम्म्या टळल्या असत्या.

जानूभाऊ माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो, त्यामुळे ते माझ्याशी बोलताहेत असा भास होत होता.

"सर, घंटेला रूळ हाय ना? रुळाला काय झालं?"

"रूळ ठीक आहे हो. पण यंत्रणा वापरात राहायला नको? न वापरलेलं यंत्र बिघडतं."

"आन् रोज वाजलं तर लोकं उठनार कधी?"

"दचकतील चार दिवस. मग सवय होईल."

"त्येच म्हनतोय मी," जानूभाऊ म्हणाले. "सवय होईल."

मी हसलो. आमचं एकमत झालं असं मला वाटलं.

भोंगा दिवसातून नऊ वेळा वाजू लागला. तास सुरू, तास संपला, मधली सुट्टी, जेवणाची सुट्टी. स्वातंत्र्यदिनाला वाजला, क्रीडामहोत्सवात धावण्याच्या शर्यतीला वाजला. संचालकांची गाडी गेटात शिरली की स्वागताला एक छोटा, ही माझी खास कल्पना. वर्षभरात मी तीन नोंदवह्या भरल्या. पुढच्या समितीने 'उत्कृष्ट वापर' लिहिलं.

खालच्या वाडीनेही यंत्रणेचं मनापासून स्वागत केलं. जानूभाऊंची शेजारीण सुमनताई आमच्या उपाहारगृहात भाकऱ्या द्यायला येत असे. ती मला म्हणाली, "लय बरं झालं बघा, सर. पयल्या भोंग्याला पान्याला जायाचं, दुपारच्या भोंग्याला भात ठेवायचा, सांजच्याला कोंबड्या झाकायच्या. भिंतीवरल्या घड्याळाचा सेल गेला, तो परत घातलाच नाय मी."

हे मी वार्षिक अहवालात 'समाजाभिमुख उपक्रम' ह्या मथळ्याखाली छापलं. सुमनताईंचा फोटोही टाकला. मागे डोंगर दिसत होता.

जुन्या भोंग्याचं निर्लेखन झालं. निर्लेखन म्हणजे एखादी वस्तू जिवंत असताना तिला कागदावर मारणे. समितीचा अध्यक्ष मी. मीच त्याच्या मुठीला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. 'निरुपयोगी.' खाली सही. मग तो भंगाराच्या खोलीत गेला आणि खोलीला कुलूप लागलं. त्यानंतर जानूभाऊ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भांडारपालांकडे त्या खोलीची किल्ली मागू लागले. म्हणत, उंदीर झालेत. मी त्यांच्या उंदीरनिर्मूलनाची एकदा सभेत प्रशंसाही केली. खोलीत उंदीर नव्हतेच, हे मला फार नंतर कळलं.

पुढच्या वर्षी पाऊस लागला तो चार दिवस उघडलाच नाही. आंबेनळीचा घाट बंद झाला, मोबाईलची रेंज आदल्या दिवशीच गेली. उपकेंद्र मात्र चालू, कारण बंद ठेवण्याचं परिपत्रक रेंजअभावी पोचलं नव्हतं. सकाळी मी छत्री झटकत गेटमधून आत आलो. जानूभाऊ तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत. मी दहा पावलं पुढे गेलो आणि काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, पण काय ते आठवेना. हजेरीपट असेल म्हणून मी पुढे गेलो.

बाराच्या सुमारास ते खोलीत आले. अंगावरून पाणी निथळत होतं. गडग्यावरून पळत आले असावेत. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"सर, पऱ्या थांबलाय."

"वा, म्हणजे पाणी ओसरलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थेट माझ्याकडे. तळ्यावरचा तो मार्चचा दिवस सोडला तर पहिल्यांदाच.

"एवढ्या पावसात पऱ्या आटत नाय, सर. वर डोंगर सुटून आडवा पडलाय. पानी मागं साठतंय. ते आलं की समदं घेऊन येनार. खाली उतरून सांगायला वीस मिन्टं, मग मानसं वर यायला आनखी वीस, तेवढा टाइम नाय. तुमचा भोंगा लावा."

हे मात्र मला मान्य केलं पाहिजे. त्या क्षणी माझ्या मनात भीतीच्या आधी समाधान आलं. शेवटी माझ्याच भोंग्याची वेळ आली होती. मी 'दरड' बटणावरचं प्लास्टिकचं झाकण उचललं आणि दाबलं. चारी खांब एकदम गरजले. आम्ही दोघे गडग्याकडे धावलो.

खाली वाडी पावसात धुरकट दिसत होती. सुमनताई पडवीत आली. वर बघितलं. हात हलवला. आत गेली.

"आली का परत बाहेर?" मी विचारलं. माझा चष्मा पावसाने आंधळा झाला होता.

"भात ठेवाया गेली," जानूभाऊ म्हणाले.

मी धावत खोलीत गेलो, पुन्हा दाबलं, चष्मा पुसत धावत परत आलो. एक म्हातारा पडवीतली खाट आत ओढत होता, जेवणानंतरची वामकुक्षी जवळ आली म्हणून. मी तिसऱ्यांदा दाबलं. कोपऱ्यातल्या घरची बाई छत्री धरून बाहेर आली आणि तिने कोंबड्या झाकल्या. तीन भोंग्यांत मी वाडीचा अख्खा दिवस उरकला. माणूस एकही हलला नाही. चौथ्यांदा दाबायला निघालो, तेव्हा जानूभाऊंनी माझा दंड धरला.

"राहू द्या, सर. तुमी जितकं वाजवाल, तितकं ते जेवतील."

आणि ते भंगाराच्या खोलीकडे गेले. मी मागोमाग. दाराला कुलूप होतं. किल्ली भांडारपालांच्या खिशात होती आणि भांडारपाल अलिबागला प्रशिक्षणाला गेले होते. प्रशिक्षण आपत्ती व्यवस्थापनाचं होतं. आयुष्यात काही वाक्यं आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं. त्यातलं एक मी तेव्हा बोललो. "जानूभाऊ, संचालकांची लेखी परवानगी घेऊन आपण..."

जानूभाऊंनी आंब्याखालचा रूळ वाजवायचा हातोडा उचलून आणला आणि कुलपावर हाणला. दुसऱ्या घावाला कुलूप पडलं. एवढं वजन त्या वाळक्या माणसाने छातीशी धरून गडग्यापर्यंत कसं नेलं मला माहीत नाही. मला मदत करायचं सुचलं तोवर ते पोचले होते. मुठीची माझी चिठ्ठी त्यांनी सुतळीसकट तोडून खिशात टाकली. मग इतक्या घाईतसुद्धा एक मुका फेरा दिला, कान लावून. आणि मग खांद्यापासून हात फिरवायला सुरुवात केली.

तो आवाज मी अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ऐकला. आधी घसा खाकरल्यासारखा, मग खालून वर चढत जाणारा, उघडाबोडका. माझ्या कर्ण्यांपुढे लहानच. पण वाडीतली बारा दारं एकदम उघडली. कुणी वर आमच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी मागे वळून डोंगराकडे बघितलं. सुमनताईच्या हातात पळी तशीच होती. एकाने गुरांची दावी कापली. सुमनताईच्या सासूला तिघांनी खाटेसकट उचललं. माणसं साकवावरून, चिखलातून, आमच्या माळाकडे चढू लागली.

"मी फिरवू का?" मी विचारलं.

"तुमी मोजा."

"काय?"

"मानसं. वाडी सत्तेचाळीसची हाय. मोजा."

मी गडग्याच्या वाटेवर उभा राहून वर येणारं प्रत्येक डोकं मोजलं. दोनदा मोजलं. "सेहेचाळीस!" मी ओरडलो. "एक कमी आहे!"

जानूभाऊंचा चेहरा उतरला. हात थांबला नव्हता, आता तर ते दुप्पट जोराने फिरवू लागले. "कोन ऱ्हायला रं? कोन?" बायका एकमेकींची पोरं चाचपू लागल्या. दोन बाप्ये परत खाली उतरायला निघाले. तेवढ्यात सुमनताई पळी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"ओ सर, जानूभाऊला मोजलात काय?"

नव्हतं मोजलं. ते वर होते, मी खालून येणारे मोजत होतो. तिने ओरडून त्या दोघांना मागे बोलावलं. ते चार पावलंच गेले होते, हे माझं नशीब.

थोड्या वेळाने डोंगर आला. फार मोठा आवाज झाला नाही. ओल्या गोणीवर ओली गोणी टाकावी तसा एक, मग बराच वेळ सरकल्यासारखा. धुरळा नाही, नुसतं तांबडं. ते थांबलं तेव्हा वाडीतली सहा घरं नव्हती. जानूभाऊंचं नव्हतं, सुमनताईचं नव्हतं.

"भात चुलीवर ठेवलाय माझा," सुमनताई म्हणाली. जानूभाऊंनी मूठ सोडली. तळहाताची कातडी मुठीला चिकटून निघाली होती. ते गडग्याला टेकून बसले आणि मला म्हणाले, "सर, नोंदवही आना."

तिसरी नोंद त्यांनी डाव्या हाताने केली. 'वाजवला. माणसं उठली.'

पुढचं सगळं माझ्या खात्याचं काम होतं, त्यामुळे ते व्यवस्थित पार पडलं. तिसऱ्या दिवशी बातमी आली, 'अत्याधुनिक भोंगा यंत्रणेमुळे वाडी वाचली.' माहिती देणारा समन्वयक, म्हणजे मीच. मी वार्ताहराला जुन्या भोंग्याबद्दल सांगायला सुरुवात केली होती, हे शपथेवर सांगतो. पण संचालक शेजारी उभे होते आणि त्यांनी "आमची यंत्रणा" असं म्हणताच मी मान हलवली. बस्स, एवढंच केलं. मान हलवायला कितीसा वेळ लागतो? मला मानपत्र मिळालं. जानूभाऊंनाही कागद मिळाला. भंगार खोलीचं कुलूप विनापरवानगी फोडल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

खुलासा त्यांनी त्याच दिवशी दिला. 'कुलूप बंद होते म्हणून फोडले.' खाली 'सोबत – चिठ्ठी एक.' टाचणीला माझ्या सहीचा पुठ्ठा लावला होता. 'निरुपयोगी.' सुतळीला रक्त लागलं होतं. मी तो कागद फाईलला लावला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात, मानपत्राच्या खाली आहे.

त्याच हिवाळ्यात जानूभाऊ निवृत्त झाले. वाडीची माणसं तोवर हमरस्त्याजवळ पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेली होती. जुना भोंगा त्यांच्याबरोबर गेला होता. संचालकांना तो हवा होता. प्रवेशद्वाराशी काचेच्या पेटीत ठेवायचा, खाली संगमरवरी पाटी, पाटीवर समितीच्या सदस्यांची नावं. जानूभाऊंचं नाव जागेअभावी बसत नव्हतं. मी पत्र घेऊन गेलो, तो जानूभाऊंचा तिथला शेवटचा दिवस निघाला. लेक बदलापूरला असते, तिच्याकडे चालले होते. अंगावर तळ्यावरचा पांढरा सदरा, पायाशी पिशवी. आणि ते सुमनताईला मूठ कशी धरायची ते दाखवत होते.

"सावकास गो. ऐकू आला की चुकलीस. आतलं फिरतंय ते हाताला लागलं पायजे."

मी पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं.

"काचेत ठेवनार. मग पावसात काच कोन फोडनार? तुमी सभा घ्याल."

मी म्हटलं, "जानूभाऊ, मला एक सांगायचं होतं. त्या बातमीत मी..."

"म्हाईत हाय, सर," ते म्हणाले. रागाने नाही. डोंगर झोपलाय, असं सांगावं तसं. मग पिशवी उचलली आणि पोलादपूर एसटी स्थानकाच्या दिशेने चालू लागले. थोडं पुढे जाऊन वळले. मला वाटलं, माझ्यासाठी वळले, म्हणून मी हात वर केला. ते माझ्या खांद्यावरून बघत होते. मी मागे पाहिलं. नव्या खोल्यांच्याही मागे एक डोंगर होता. मी इथे आलो तेव्हा तो मला दिसला नव्हता. त्यांनी तो नीट बघून घेतला, सुमनताईकडे बघून मान हलवली आणि गेले.

अहवालात मी लिहिलं, 'उपकरण वापरात असल्याने परत मिळू शकत नाही.' माझ्या हातून झालेली ही एकमेव अचूक नोंद. चार खांब आता गप्प असतात. घंटेला पुन्हा रूळ आहे.

पण ते नंतरचं. त्या दिवशी जानूभाऊ रस्त्याच्या वळणाआड झाले आणि मला भरून आलं. वाटलं, आपणही एक मुका फेरा द्यावा, त्यांच्या नावाने. मी गोणपाटाशी बसलो आणि मुठीकडे हात नेला.

"ओ सर, हात मागं घ्या," सुमनताई म्हणाली. "तुमचा हात लागला तर ह्याचं पन घड्याळ व्हायचं."